गुलाबी पाणी आणि १८५४ सालचे लोखंड

#थ्रेड

१/ १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर चौदाशे टनांच्या आसपास स्फोटके व दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा होत्या. मराठी इतिहासप्रेमींना हा प्रसंग जवळजवळ तोंडपाठ असतो. विटा कुठे जाऊन पडल्या, गोदीतले घड्याळ किती वाजता बंद पडले, सारे सांगून होते. तो दारूगोळा ज्या कारखान्यांत भरला गेला, तिथे फरशा धुतल्यावर ते पाणी कुठे गेले, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. हा थ्रेड त्या पाण्याविषयी आहे.

२/ त्या पाण्याचा इतिहास निघाला, की एक सोयीचे वाक्य पुढे येते : ‘त्या काळी हे विष कसे नष्ट करायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हते.’ वाक्य मोठे सज्जन वाटते. त्यात कुणावर आरोप नाही आणि कुणाची जबाबदारीही नाही. दोष सगळा ‘काळा’वर ढकलला, की माणसे मोकळी. परंतु हे वाक्य खोटे आहे. ज्या रसायनक्रियेने हे पाणी पुढच्या शुद्धीकरणाच्या आवाक्यात आणता येते, ती टीएनटीचा शोध लागण्याच्या नऊ वर्षे आधीपासून ज्ञात होती, आणि ती ज्ञात होती नेमकी त्याच उद्योगाला.

३/ आधी पाण्याची ओळख. टोल्यूईन या द्रवावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली, की टोल्यूईनच्या रेणूवर तीन नायट्रो गट बसतात आणि ट्रायनायट्रोटोल्यूईन, म्हणजे टीएनटी, तयार होते. कच्च्या टीएनटीत नको असलेली भावंडेही असतात. ती काढण्यासाठी सोडियम सल्फाइटच्या द्रावणाने धुतात. या धुण्यातून जे निघते ते ‘लाल पाणी’.

दुसरे पाणी तोफगोळे व बॉम्ब भरण्याच्या शेडमधले. वितळलेले टीएनटी कवचात ओतायचे आणि मग यंत्रे, भांडी, जमीन गरम पाण्याने धुवायची. हे पाणी निघते तेव्हा जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळे असते. ऊन लागले, की गुलाबी होते, पुढे तांबूस तपकिरी. म्हणून ‘गुलाबी पाणी’. नाव इतके लोभस, की एखाद्या सरबताचे वाटावे.

४/ प्रमाण समजून घ्यावे. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे १०० मिलिग्रॅम टीएनटी विरघळते. दिसायला किरकोळ. परंतु अमेरिकी पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी आयुष्यभराच्या सेवनाची जी सल्लावजा मर्यादा सांगितली, ती लिटरला २ मायक्रोग्रॅम. भागाकार केला, तर धुण्याचे एक संपृक्त लिटर पन्नास हजार लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊ शकते. शेडमागच्या एका खड्ड्यात असे किती लिटर जात असेल, याचा अंदाज वाचकाने स्वतः करावा.

५/ आता १८५४. फ्रेंच रसायनज्ञ आंत्वान बेशां याने दाखवून दिले, की नायट्रोबेंझीनमध्ये लोखंडाचा कीस आणि थोडे ॲसेटिक आम्ल घातले, की नायट्रो गट जाऊन त्या जागी अमिनो गट येतो आणि ॲनिलीन मिळते. लोखंड इलेक्ट्रॉन देते व स्वतः गंजते, नायट्रो गट ते इलेक्ट्रॉन घेतो व बदलतो. या क्रियेला क्षपण म्हणतात. ओला बिडाचा तवा रात्रभर तसाच राहिला तर सकाळी त्यावर जो तांबूस थर दिसतो, तोही लोखंडाने इलेक्ट्रॉन दिल्याचाच पुरावा. फरक एवढाच, की तव्याचे इलेक्ट्रॉन हवेतला ऑक्सिजन घेतो.

६/ ही क्रिया प्रयोगशाळेत पडून राहिली नाही. १८५६ साली विल्यम पर्किनला जांभळा रंग सापडला. पुढच्याच वर्षी लंडनजवळ त्याचा कारखाना उभा राहिला, आणि तिथे ॲनिलीन बनत होते ते बेशांच्याच रीतीने. त्यानंतर युरोपातल्या रंगउद्योगाने लोखंडाचा कीस किती वापरला, याची मोजदाद टनांत नव्हे, डोंगरांत करावी लागेल.

आणि टीएनटी? ते १८६३ साली युलिउस विल्ब्रांट या जर्मन रसायनज्ञाने तयार केले. त्या वेळी त्याचा उपयोग पिवळा रंग म्हणून होता. ते स्फोटक आहे हे ध्यानात यायला व सैन्यात रुजायला बराच काळ गेला. जर्मन सैन्याने तोफगोळ्यांसाठी ते १९०२ साली स्वीकारले. म्हणजे विष आणि त्यावरच्या उताऱ्याचा पहिला घोट, दोन्ही एकाच घरात जन्मले : रंगाच्या घरात.

७/ पहिल्या महायुद्धात हे घरच दारूगोळ्याकडे वळले. बायरसारख्या रंगकंपन्यांनी टीएनटी काढले. लेव्हरकुसेनच्या कारखान्यात जानेवारी १९१७ मध्ये मोठा स्फोट झाला, तो याच उत्पादनाचा. ज्या कंपनीत एका शेडमध्ये नायट्रो गट बसवले जात होते, तिच्याच रंगविभागाला लोखंडाने नायट्रो गट उतरवण्याचे तंत्र पिढ्यान्‌पिढ्या अवगत होते. ‘कुणालाच ठाऊक नव्हते’ या वाक्यातला ‘कुणालाच’ म्हणजे नक्की कोण?

८/ यावर पहिला आक्षेप असा, की उतारा ठाऊक असेल, पण विष विष आहे हे कुठे ठाऊक होते? हेही टिकत नाही. ब्रिटनमध्ये टीएनटी हाताळणाऱ्या स्त्री-कामगारांची त्वचा पिवळी पडे. लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणत, त्या पिवळ्या पक्ष्यावरून. ऑगस्ट १९१६ मध्ये ॲग्नेस लिव्हिंगस्टोन-लिअरमंथ आणि बार्बरा कनिंगहॅम या दोन स्त्री-डॉक्टरांनी या कामगारांवरील परिणामांची निरीक्षणे ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षापासून विषजन्य कावीळ हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरला. १९१६ ते १९१८ या तीन वर्षांत चारशेच्या आसपास रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी शंभराहून अधिक दगावले.

९/ कॅनरी मुलींची छायाचित्रे आज समाजमाध्यमांवर भरपूर फिरतात. पिवळी कातडी, हसरे चेहरे, खाली देशभक्तीचा मजकूर. त्या चित्रांचा एक अर्थ हमखास सुटतो. यकृत नासवणारा पदार्थ त्वचेतून शरीरात जातो, हे १९१६ साली शासनाच्या दफ्तरी नोंदलेले होते. तोच पदार्थ पाण्यात विरघळतो, हे तर टीएनटी धुणाऱ्या प्रत्येक मुकादमाला दिसत होते, कारण पाण्याचा रंग बदलत होता. मग ते पाणी वाळूत ओतताना निरागसता कुठून आली?

१०/ दुसरे महायुद्ध. अमेरिकेने मिसुरी राज्यातल्या वेल्डन स्प्रिंग येथे सतरा हजारांहून अधिक एकर जमीन ताब्यात घेतली. हॅम्बर्ग, हॉवेल आणि टूनरव्हिल ही तीन गावे उठवली. तिथे १९४१ ते १९४५ टीएनटी बनत राहिले. सांडपाणी वाहून नेण्यासाठी लाकडी नळ होते. लाकडी नळ कुठे ना कुठे पाझरणार, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

जर्मनीत हेसन प्रांतातल्या आलेनडॉर्फ येथे युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्फोटक-कारखान्यांपैकी एक उभा होता. ऑगस्ट १९४४ मध्ये आउश्वित्झहून हजार हंगेरियन ज्यू स्त्रिया तिथे वेठबिगारीसाठी आणल्या गेल्या. त्यांच्या कातडीचा व केसांचा रंग बदलला, तो याच रसायनांनी. युद्धानंतर त्याच जागेवर एक नगर वाढले, आणि माती स्वच्छ करण्याचे काम थेट एकविसाव्या शतकापर्यंत चालले.

११/ आता सर्वांत बोचरा पुरावा. १९४३ साली, युद्ध ऐन भरात असताना, ‘इंडस्ट्रियल अँड इंजिनिअरिंग केमिस्ट्री’ या अमेरिकी नियतकालिकात टीएनटीच्या सांडपाण्यावर लेख प्रसिद्ध झाला. १९४५ साली त्याच नियतकालिकात तोफगोळे भरण्याच्या कारखान्यांतील पाण्याचा रंग व विल्हेवाट यांवर आणखी एक आला. गुप्त अहवाल नव्हेत. ग्रंथालयात जाऊन कुणीही वाचावेत असे लेख. प्रश्न ओळखला गेला होता, त्यावर प्रयोग झाले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुराव्याचा याहून सरळ तुकडा क्वचितच मिळतो.

१२/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. बेशांची क्रिया दाट द्रवाची, आम्ल घालून, भांड्यात, ढवळत करायची. धुण्याचे पाणी म्हणजे पातळ द्रावण आणि अफाट आकारमान. एक म्हणजे दुसरे नव्हे. शिवाय भूजलात लिटरला काही मायक्रोग्रॅम आरडीएक्स आहे की नाही, हे मोजणारी साधनेच १९४० च्या दशकात नव्हती. आरडीएक्सचा रंगही दिसत नाही. हे सारे खरे आहे.

१३/ परंतु पातळपणाचा हिशेब करून पाहावा. एका टीएनटी रेणूवर तीन नायट्रो गट. प्रत्येकाला अमिनो होण्यासाठी सहा इलेक्ट्रॉन, म्हणजे एकूण अठरा. लोखंडाचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो असे धरले, तर नऊ अणू पुरतात. वजनात सांगायचे तर एक ग्रॅम टीएनटीला सुमारे सव्वादोन ग्रॅम लोखंड. हजार लिटर संपृक्त पाण्यात टीएनटी असते शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कागदावर पाव किलोहूनही कमी लोखंड. व्यवहारात याच्या कितीतरी पट लागते, कारण क्रिया केवळ कणांच्या पृष्ठभागावर होते आणि गंज चढला की ती मंदावते. तरी ज्या उद्योगाच्या शेजारी पोलादी कवचे कातली जात होती आणि कातकामाचा कीस ढिगाने पडत होता, त्याला हे अवघड होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

१४/ ‘मग लोखंडाच्या चिखलाचे काय केले असते?’ यालाही उत्तर त्याच घरात होते. १९२० च्या दशकात जर्मनीत उर्डिंगेन येथे लाउक्स पद्धत विकसित झाली. तिने ॲनिलीन बनवताना उरणारा लोहगाळ वाया न घालवता त्यापासून रंगद्रव्य म्हणून विकता येणारे लोह-ऑक्साइड मिळवले. गाळ विकला जात होता!

१५/ आणि इथे मुद्द्याचा गाभा आहे. टीएनटी कारखान्यात वापरलेले आम्ल फेकून देत नसत. त्यासाठी वेगळा विभाग असे. उरलेले आम्ल तिथे आणायचे, नायट्रिक वेगळे करायचे, सल्फ्युरिक पुन्हा दाट करायचे आणि पुन्हा वापरायचे. उकळते आम्ल हाताळणे हे लोखंडाच्या किसातून पाणी गाळण्यापेक्षा किती तरी कठीण व धोक्याचे काम. ते युद्धाच्या धांदलीतही नियमाने होत होते, कारण आम्लाला भाव होता. पाण्याला नव्हता. ‘युद्ध चालू होते, वेळ नव्हता’ हे स्पष्टीकरण त्याच कारखान्याच्या आम्ल-विभागात कोलमडते. जमाखर्चाच्या वहीत ज्या द्रवाला ओळ होती तो वाचवला गेला, आणि ज्याला ओळ नव्हती तो खड्ड्यात गेला.

१६/ खड्डा म्हणजे अलंकार नव्हे. नेब्रास्का राज्यात ग्रँड आयलंड शहराच्या पश्चिमेला १९४२ साली ‘कॉर्नहस्कर’ हा दारूगोळा-कारखाना उभारला गेला. बॉम्ब व गोळे भरणे हे त्याचे काम. तो दुसऱ्या महायुद्धात चालला, कोरियाच्या युद्धात चालला, व्हिएतनामच्या युद्धात १९७३ पर्यंत चालला. धुण्याचे पाणी शेडलगतच्या मातीच्या खड्ड्यांत सोडले जाई आणि ते खाली झिरपे. खालची जमीन प्लॅट नदीच्या खोऱ्यातली, वाळू व खडीची. अशा जमिनीत खड्डा म्हणजे चाळणीवर ओतणेच.

१७/ टीएनटी मातीला बऱ्यापैकी धरून राहते आणि वाटेत बदलत जाते. आरडीएक्स तसे नाही. ते पाण्याबरोबर चालत राहते. कॉर्नहस्करचे आरडीएक्स भूजलातून शहराच्या दिशेने सरकत गेले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी कारखान्याच्या कुंपणापलीकडच्या घरगुती विहिरींत सापडले. सैन्याने लोकांना बाटलीबंद पाणी पुरवले, नंतर शेकडो घरांपर्यंत नगराची जलवाहिनी नेली. १९८७ साली ही जागा देशातल्या सर्वाधिक दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली. दूषित माती भट्टीत जाळावी लागली.

मोजण्याचे साधन नव्हते हा आक्षेप इथे आठवावा. साधन नव्हते हे खरेच. पण जे मोजता येत नाही ते शेजाऱ्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला ओतावे, असा निष्कर्ष त्यातून कसा निघतो?

१८/ उपाय म्हणून ज्याचा स्वीकार झाला तो सक्रियित कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन. पाणी त्यातून जाते, टीएनटी कोळशाला चिकटते, पाणी स्वच्छ बाहेर येते. विष नष्ट होत नाही, केवळ घर बदलते. १९८० साली अमेरिकेने घातक कचऱ्याच्या याद्या केल्या, तेव्हा स्फोटकयुक्त पाण्याच्या शुद्धीकरणातून उरलेल्या कोळशाला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागला : के०४५. कारण काय, तर तो कोळसा स्वतःच स्फोट पावू शकतो. टीएनटीच्या लाल-गुलाबी पाण्याचा क्रमांक के०४७. पाणी निर्धोक करताना स्फोटक कोळसा निर्माण करणाऱ्या या व्यवस्थेला ‘शुद्धीकरण’ म्हणताना जीभ अडखळायला हवी.

१९/ लोखंड परतले ते असे. १९७२ साली अमेरिकेत क्लोरीनयुक्त कीटकनाशके धातूंच्या साहाय्याने मोडण्याचे पेटंट निघाले. त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. पुढे कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात भूजलाचे नमुने घेण्याच्या साहित्याची तपासणी चालू असताना दिसले, की काही धातूंच्या सान्निध्यात क्लोरीनयुक्त द्रावके पाण्यातून नाहीशी होतात. त्यातून लोखंडाच्या किसाची भूमिगत भिंत बांधण्याची कल्पना निघाली. भूजल आपल्या वाटेने येते, भिंतीतून जाते, पलीकडे स्वच्छ निघते. १९९० च्या दशकाच्या मध्यास अशा भिंती प्रत्यक्षात आल्या. नाव पडले ‘शून्य-संयुजी लोह’. भारदस्त नाव! वस्तू तीच, पर्किनच्या कारखान्यातली.

२०/ १९९६ साली अगरवाल व ट्रॅटनिक यांनी नायट्रो-संयुगांचे लोखंडाने होणारे क्षपण पर्यावरणाच्या अंगाने मांडले. १९९७ साली नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी टीएनटी व आरडीएक्स दोन्ही लोखंडाने पाण्यातून व मातीतून काढता येतात हे दाखवले. नेब्रास्काच का? कारण त्याच राज्यात मीड येथे आणखी एक बॉम्ब-कारखाना होता, आणि तो बंद झाल्यावर त्याच्या जमिनीचा मोठा भाग या विद्यापीठाच्या शेती-संशोधनाकडे आला होता. प्रयोगासाठी दूषित माती दुरून आणावी लागली नाही. ती विद्यापीठाच्याच वाट्याला आली होती.

बेशांचे वर्ष १८५४, हे वर्ष १९९७. मध्ये एकशे त्रेचाळीस वर्षे. या वर्षांना ‘विज्ञानाची वाटचाल’ म्हणणारे म्हणोत.

२१/ मात्र दुसऱ्या टोकाच्या भाबडेपणावरही टीका व्हायला हवी. ‘लोखंड टाका, पाणी शुद्ध’ अशी जी चमत्कारकथा विज्ञानाच्या नावाने सांगितली जाते, तीही अर्धसत्य आहे. लोखंड टीएनटी नष्ट करत नाही. ते त्याचे ट्रायअमिनोटोल्यूईन करते. बेंझीनचे कडे शाबूत राहते. टीएनटी कारखान्याच्या पाण्यात डायनायट्रोटोल्यूईनही असते. त्याचे क्षपण झाले की डायअमिनोटोल्यूईन होते, आणि त्याचा २,४ हा प्रकार प्राण्यांत कर्करोगकारक आढळल्याने अमेरिकेत १९७१ साली केसांच्या कलपातून हद्दपार झाला. म्हणजे लोखंडापाशी थांबणारा माणूस एका विषाच्या जागी दुसरे ठेवून निघून जातो.

२२/ लोखंडाचे खरे मोल ते पुढच्या पायरीसाठी वाट मोकळी करते यात आहे. नायट्रो गट इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतात, त्यामुळे कड्यावर ऑक्सिडीकरणाचा हल्ला चालत नाही. जिवाणूही हतबल होतात. तेच गट अमिनो झाले, की कडे उघडे पडते. मग हायड्रोजन पेरॉक्साइड व विरघळलेले लोह यांची फेंटन क्रिया किंवा जिवाणूंची टाकी ते मोडू शकते. डेलावेअर विद्यापीठातल्या गटाने २००० नंतरच्या काही वर्षांत हीच जोडी मांडली : आधी लोखंड, मग ऑक्सिडीकरण. ब्राझीलमधल्या टीएनटी कारखान्याच्या खऱ्या पाण्यावर हीच जोडी वापरल्याचे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. आरडीएक्सचे बरे आहे. इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे कडेच फुटते आणि फॉर्माल्डिहाइड, अमोनियम, नायट्रस ऑक्साइड अशी लहान लहान शकले उरतात.

२३/ भूमिगत भिंतीलाही म्हातारपण येते. २००३ साली कॉर्नहस्करच्याच जमिनीत वाळू व तीस टक्के लोखंड यांची एक प्रायोगिक भिंत घातली गेली. पलीकडच्या पाण्यात टीएनटी व आरडीएक्स उरले नाही. परंतु कालांतराने भिंतीच्या अलीकडेच खनिजांचा साका धरला आणि पाण्याची वाट अडू लागली. पाणी हट्टी असते. समोर अडले की बाजूने जाते. जस्त, मॅग्नेशियम, तांबे चढवलेले लोखंड, पॅलॅडियम चढवलेले लोखंड अशा अधिक तिखट जोड्याही तपासल्या गेल्या. क्रिया झपाट्याने होते, खर्चही तसाच वाढतो.

२४/ हे सारे जुने झाले असे वाटत असेल, तर २०१० हे वर्ष पाहावे. अमेरिकी सैन्याने आयएमएक्स-१०१ हे नवे मिश्रण टीएनटीच्या जागी मान्य केले. ते अपघाताने सहसा फुटत नाही. सैनिकांसाठी ही निःसंशय चांगली गोष्ट. पण त्यातला एनटीओ हा घटक पाण्यात टीएनटीपेक्षा शंभराहून अधिक पट विरघळतो आणि कोळशाला नीट चिकटत नाही. म्हणजे जुना कोळशाचा आधारही इथे लंगडा. लोखंडाच्या व द्विधातूंच्या संशोधनाला पुन्हा मागणी आली ती यामुळे. सुरक्षितता तोफेजवळच्या माणसाची मोजली गेली. पाण्याजवळच्या माणसाची पाळी नेहमीप्रमाणे नंतर.

२५/ खडकीचा उल्लेख मराठी वाचकाला अपेक्षित असेल. दारूगोळ्याचा कारखाना तिथे १८६९ पासून, उच्च-स्फोटकांचा १९४० पासून. त्यांच्यावर लिहिताना ब्रिटिशकालीन इमारती, साहेबांची नावे आणि युद्धकाळातले उत्पादन यांपलीकडे आपले लेखन क्वचितच जाते. स्थानिक इतिहासाचा छंद असणाऱ्याने कुठल्याही जुन्या कारखान्याच्या नकाशावर आधी आम्लाची टाकी शोधावी, मग नाला शोधावा. दोहोंवर किती खर्च झाला, एवढ्या एका प्रश्नातून त्या कारखान्याची खरी ओळख होते. हा प्रश्न नेब्रास्काला जसा लागू, तसाच मुळा-मुठेच्या काठालाही.

२६/ अमेरिकेने स्वतःच्या भूमीवर टीएनटी बनवणे १९८६ साली थांबवले. लाल पाण्याचे नियम कडक झाले, साठे भरपूर होते. पुढे टीएनटी बाहेरून आले, मुख्यतः पोलंडच्या बिडगोश्च येथील कारखान्यातून. विष संपले नाही, त्याचा पत्ता बदलला. के०४५ क्रमांकाच्या कोळशाचीच ही देशांच्या पातळीवरची आवृत्ती. युक्रेनच्या युद्धाने तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंटकी राज्यातल्या ग्रॅहम येथे नवा टीएनटी कारखाना उभारण्याचे ४३.५ कोटी डॉलरचे कंत्राट जाहीर झाले.

२७/ मीडच्या कारखान्यात शेवटचा बॉम्ब १९५६ साली भरला गेला. तिथले भूजल पंपांनी उपसून कोळशातून गाळण्याचे काम अजून चालू आहे.